एक सुतळी घ्या, कंबर मोजा



आपण शेतकरी माणसे मोजमापाला मोठी पक्की. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचे पोते काट्यावर चढले की आपली नजर काट्यावरून हलत नाही. बांध हातभर सरकला की आपण मोजणीचा अर्ज घेऊन कचेरीत हजर. बैलजोडी घेताना दात पाहतो, छातीची रुंदी डोळ्यांनी मापतो. मोसंबीला किती पाणी दिले, कपाशीवर किती फवारे झाले, हा हिशेब घरातल्या बारक्या पोरालाही तोंडपाठ असतो.

आता एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमच्या कंबरेचा घेर किती?

गप्प बसलात ना? लग्नात सूट शिवताना शिंप्याने एकदा टेप फिरवली असेल, तेवढीच. पुरुषांचे धोतर किंवा पायजमा, बायकांचा परकर, सगळे नाडीवर चालते. पोट वाढले की नाडी थोडी सैल बांधायची. नाडी काही बोलत नाही. म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलायचे ठरवले आहे. कारण पोटाचा घेर आणि काळजाचा आजार यांचे नाते फार जवळचे आहे.

आमच्या भावकीतली गोष्ट

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या भावकीतले एक चुलते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. वय बावन्न. उंची बेताची, हातपाय काडीसारखे, पोट मात्र घागरीसारखे पुढे आलेले. वजन म्हणाल तर साठ किलोच्या आतच. गावात सगळे म्हणायचे, "अण्णा काटक माणूस. अंगावर मांस नाही, त्यांना कसला आजार होतोय?" पोटाकडे बोट दाखवून कुणी हसले तर अण्णाच म्हणायचे, "खात्यापित्या घरचं लक्षण आहे हे."

एका पौषातल्या पहाटे हरभऱ्याला पाणी देऊन अण्णा घरी आले. छातीवर कुणी जाते ठेवल्यासारखे वाटते म्हणाले. थंडीच्या दिवसांत कपाळावर घाम. घरच्यांना वाटले, पित्त झाले. सोडा पाजला, पाठीला तेल चोळले, ओवा दिला. दोन तास त्यातच गेले. नंतर शेजारच्याची जीप काढली. पण तालुक्याला पोचेपर्यंत अण्णा राहिले नव्हते.

डॉक्टरांनी एवढेच विचारले, "यांचं ब्लडप्रेशर, साखर कधी तपासली होती का?" कधीच नाही. दहाव्यानंतर काकू म्हणाल्या ते मला अजून टोचते. "त्यांच्या सदऱ्याची गुंडी पोटावर लागत नव्हती, तेवढं मला दिसत होतं रे बाबा. पण ते आजाराचं लक्षण असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

काकूंना जे कुणी सांगितले नाही, ते आज तुम्हाला सांगावे म्हणून हा लेख.

वजनाचा काटा अर्धेच सांगतो

माणूस जाड आहे की बारीक, हे ठरवण्याची एक रीत जगभर चालते. वजन किलोत घ्यायचे, उंची मीटरमध्ये घ्यायची, आणि वजनाला उंचीने दोनदा भागायचे. येणाऱ्या आकड्याला दवाखान्यात बी.एम.आय. म्हणतात. या गणिताचे मूळ बेल्जियम देशातल्या केतले नावाच्या गणिती माणसाकडे जाते. १८३० च्या दशकात त्याने हा हिशेब मांडला. तो डॉक्टर नव्हता. माणसांच्या मापांत काही नियम सापडतो का, एवढेच तो पाहत होता. पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज या शास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले.

उदाहरण घेऊ. एका माणसाचे वजन ५८ किलो, उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे १.६ मीटर. ५८ ला १.६ ने भागा, पुन्हा १.६ ने भागा. उत्तर साडेबावीसच्या थोडे वर. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी २००९ साली एकत्र बसून भारतीयांसाठी मापे ठरवली. त्यांत २३ च्या आतला माणूस ठीक, २३ ते २५ म्हणजे वजन जास्त, आणि २५ च्या वर लठ्ठ असे धरले. गोऱ्या लोकांसाठी हीच मापे २५ आणि ३० आहेत. आपल्यासाठी ती खाली आणावी लागली, कारण आपल्याला कमी वजनातही साखर आणि हृदयाचे आजार होतात.

तर वरच्या हिशेबाने आपला हा माणूस ठीक ठरला. पण त्याच्या कंबरेचा घेर ९४ सेंटिमीटर असेल तर? मग तो ठीक नाही. काट्यावर मांसाचे वजन आणि चरबीचे वजन सारखेच भरते. शिवाय ती चरबी मांडीवर आहे की पोटात, हेही काटा सांगत नाही. पोत्याचे वजन कळले, पण आत दाणा किती आणि माती किती हे कळले नाही, तशातलाच हा प्रकार.

हे पहिल्यांदा ठासून सांगितले फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या जाँ व्हाग या डॉक्टरांनी, १९४७ साली. त्यांनी पाहिले की चरबी पोटाकडे साठणाऱ्या माणसांना आणि मांड्या-कुल्ह्यांकडे साठणाऱ्या माणसांना एकसारखे आजार होत नाहीत. पोटाकडची चरबी जास्त घातक. त्या वेळी फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे मात्र सगळ्या जगाला ते मान्य करावे लागले.

पुण्याचे डॉक्टर आणि लंडनचे डॉक्टर

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट ऐका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे जाणकार. त्यांचे एक इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बी.एम.आय. काढला तर अगदी एकच, २२.३. कागदावर दोघे जुळे भाऊ. मग दोघांच्या अंगातली चरबी खास क्ष-किरण यंत्रावर मोजली. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात १०० भागांपैकी सुमारे ९ भाग चरबी. आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगात सुमारे २१ भाग! वजन तेच, उंचीच्या मानाने माप तेच, चरबी मात्र दुपटीहून जास्त.

दोघांनी मिळून आपले फोटो आणि आकडे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापले. आपल्यावरच विनोदही केला. एक जण मॅरेथॉन पळतो, आणि दुसरा सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत गाठण्यासाठी पळतो, असे त्यांनी लिहिले. विनोद सोडा, मुद्दा पक्का आहे. आपल्या लोकांचे अंग वरून बारीक आणि आतून चरबीचे असते. डॉक्टर याला 'बारीक पण चरबीदार' अंगकाठी म्हणतात. आमचे अण्णा नेमके तसेच होते.

हे कुठून येते? डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग थेट आईच्या पोटापर्यंत काढला. १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी शेतकरी घरांतल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची मोजमापे घ्यायला सुरुवात केली. त्या आया आपल्यासारख्याच. शेतात राबणाऱ्या, उंचीने सुमारे पाच फूट, गरोदर राहण्याआधी वजन जेमतेम ४२ किलोच्या आसपास. बाळांचे वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साऊथहॅम्प्टन गावच्या बाळांचे सरासरी ३.५ किलो. एवढा फरक असूनही आपल्या बाळांच्या पाठीवरच्या कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस. म्हणजे बाळ जन्मतःच बारीक आणि चरबीदार. नंतर हेच बाळ मोठे होऊन भरपूर खाऊ लागले आणि अंगमेहनत सुटली, की चरबी पोटाकडे धाव घेते.

माय-बहिणींनो, यातली एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त होते, त्यांची बाळे अधिक चांगली भरली होती. दिवसभर फार कष्टाचे काम करणाऱ्या आयांची बाळे लहान होती. तेव्हा गरोदर सुनेला मेथी, चुका, शेपू, एक पेला दूध, आपल्याच बागेतले एखादे मोसंबे द्या आणि डोक्यावरचा हंडा उतरवून घ्या. पन्नास वर्षांनंतरच्या हृदयविकाराचा बंदोबस्त असा आजच सुरू होतो.

पोटातली चरबी करते तरी काय?

चरबी दोन जागी असते. एक कातडीखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतडी आणि यकृत यांच्या भोवती. ही आतली चरबी स्वस्थ बसत नाही. ती सतत रक्तात चरबीचे अंश सोडत राहते. ते आधी यकृतात जातात. मग यकृत बिघडते, रक्तातली साखर वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातली वाईट चरबी वाढते.

ठिबक सिंचन करणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. नळीत क्षार बसत गेले की आधी पाण्याची धार बारीक होते. झाड मात्र लगेच वाळत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांचेही तसेच. त्यांच्या आतल्या अंगाला चरबीचा थर वर्षानुवर्षे बसत जातो. माणूस कामे करीत राहतो. मग एक दिवस तो थर तडकतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नळी एकदम बंद होते. हृदयाच्या त्या भागाचे रक्त तुटते. यालाच झटका म्हणतात. झटका एका क्षणात येतो, पण त्याची तयारी वीस-वीस वर्षे चाललेली असते. कंबरेची टेप आपल्याला ती तयारी आधी दाखवते.

हे किती खरे, याची पारख मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार माणसांची मापे तपासून २००५ साली निष्कर्ष छापला गेला. झटका येऊन गेलेल्या आणि न आलेल्या माणसांत बी.एम.आय. ने फारसा फरक दाखवला नाही, कंबर आणि कुल्ह्याच्या प्रमाणाने मात्र ठळक दाखवला. ज्यांचे हे प्रमाण सर्वांत जास्त, त्यांना धोका सर्वांत कमी प्रमाणवाल्यांच्या सुमारे अडीच पट होता. त्याच पाहणीतून आणखी एक गोष्ट दिसली. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळजवळ ५९ व्या वर्षी. म्हणजे सहा वर्षे आधी! मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, बँकेचे कर्ज, सगळे अंगावर असतानाचे हे वय.

आता माप कसे घ्यावे

खर्च काही नाही. शिंप्याकडची कापडी टेप पुरे. नसेल तर सुतळी घ्या आणि नंतर ती पोराच्या शाळेच्या पट्टीवर मोजा.

सकाळी, काही खाण्याआधी मोजा. अंगावर जाड कपडा नको. पाय थोडे फाकवून सरळ उभे राहा. बरगडीचे सर्वांत खालचे हाड बोटांनी चाचपा. मग कंबरेच्या हाडाची वरची कड चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप फिरवा. साधारण बेंबीच्या आसपासची ही जागा. टेप मागे-पुढे सारख्या उंचीवर असावी, कातडीला टेकावी पण रुतू नये. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका. तिथे फसवणूक होते ती आपलीच! पँटचा नंबर हा कंबरेचा घेर नव्हे, कारण पोटवाला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो.

दुसरे माप कुल्ह्याचे. मागच्या बाजूने जिथे घेर सर्वांत मोठा भरेल तिथे टेप फिरवा.

बायकांचे माप घरातल्या बाईनेच घ्यावे, म्हणजे संकोच राहत नाही. गरोदर बाईचे हे माप घेऊ नये, त्याला अर्थ नाही.

आता आकडे पाहा आणि चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवा.

कंबर: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत असावी. बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत. पुरुषांना ७८ च्या पुढे आणि बायकांना ७२ च्या पुढे गेल्यावरच सावध व्हा, असेही आपल्या तज्ज्ञांनी २००९ साली सांगितले आहे.

कंबर आणि कुल्हा: कंबरेच्या आकड्याला कुल्ह्याच्या आकड्याने भागा. पुरुषांत उत्तर ०.९० च्या खाली हवे, बायकांत ०.८५ च्या खाली. एखाद्या बाईची कंबर ८४ आणि कुल्हा ९६ असेल तर उत्तर ०.८७ च्या वर येते. म्हणजे बेताबाहेर.

आणि तिसरे माप, जे अडाणी आजीलाही जमेल. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी तोडा. आता ती मधोमध दुमडा. ही अर्धी सुतळी तुमच्या कंबरेभोवती फिरून टोकाला टोक मिळाले पाहिजे. मिळाले तर ठीक. टोके मिळत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, असे समजा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची कंबर ८० च्या आत हवी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सल्लागारांनीही २०२२ साली लोकांना हेच सांगितले: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. सुतळीला ना आकडे वाचावे लागतात, ना चष्मा लागतो.

आशाताईच्या पिशवीतला कागद

तुम्ही म्हणाल, मोजले, आकडा जास्त निघाला, पुढे काय? गावातल्या आशाताईला हाक मारा. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठी तिच्याकडे एक सरकारी तपासणी फॉर्म असतो. त्यात वय विचारतात, तंबाखू-विडी विचारतात, दारू विचारतात, अंगमेहनत किती ते विचारतात, आई-बाप-भावंडांना ब्लडप्रेशर, साखर, हृदयविकार आहे का ते विचारतात. आणि कंबर मोजतात! पुरुषाची कंबर ९० पर्यंत असली तर शून्य गुण, ९१ ते १०० ला एक, त्यापुढे दोन. बाईची ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. शाळेत गुण जास्त मिळाले की पेढे वाटतात, इथे उलटे आहे. सगळे मिळून चाराहून जास्त गुण झाले तर त्या माणसाने उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर आधी तपासून घ्यायची. खरे तर तीस ओलांडलेल्या सर्वांनीच ती तपासायची आहे.

आशाताई टेप घेऊन दारात आली की पुष्कळ घरांत हसण्यावारी नेतात. "आम्हाला काय धाड भरलीय?" म्हणून पुरुषमंडळी ओट्यावरून उठून जातात. असे करू नका. २०१९ ते २०२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर लोकांच्या कंबर-कुल्ह्याची मापे पहिल्यांदाच घेतली गेली. शंभरातल्या सुमारे ५७ बायकांचे आणि ४८ पुरुषांचे प्रमाण धोक्याच्या रेषेपलीकडे निघाले. घरात दोन माणसे असली तर त्यांतले एक या हिशेबात येते, म्हणा ना.

टेप काय सांगत नाही

टेपवर आंधळा विश्वासही नको. कंबर जास्त म्हणजे आजार झालाच, असे नाही. तपासणीची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. आणि कंबर बारीक म्हणजे सुटलो, असेही नाही. विडी ओढणाऱ्या सडपातळ माणसालाही झटका येतो. तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्यांनी गालात हसू नये. चघळायच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो, हे ५२ देशांच्या त्याच पाहणीतून २००६ साली पुढे आले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. ती कागदावर किती आणि पानटपरीवर किती, हे तुम्हीच जाणता. आपल्या तोंडावरची बंदी मात्र आपल्या हाती आहे.

पोट अचानक फुगले, पायांवर सूज आली, तर ते चरबीचे नव्हे, दुसऱ्या आजाराचे लक्षण असू शकते. तिथे टेपचा विचार सोडून सरळ दवाखाना गाठा.

घेर कमी कसा करावा?

"अहो, आम्ही शेतकरी. आमची मेहनत कमी आहे का?" असे कुणी म्हणेल. मग आठवून पाहा. १ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तुमच्या गावात ट्रॅक्टर किती होते? मोटारसायकली किती होत्या? आज पेरणी ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर, शेतात जाणे गाडीवर. मोटार चालू करायलाही मोबाईलवरून बटण दाबतात. कष्ट कमी झाले, चांगलेच झाले, बैलासारखे राबावे असे कोण म्हणेल? पण ताट तेवढेच राहिले, उलट तेल आणि साखर वाढली. हंगामात पंधरा दिवस घाम गाळायचा आणि पुढे दोन महिने पारावर बसायचे, याला मेहनत म्हणत नाहीत.

आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे, म्हणजे रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस, दम थोडा लागेल असे झपझप चाला. शेत दोन किलोमीटरवर असेल तर गाडी घरी ठेवा. बाया दिवसभर उभ्या असतात खऱ्या, पण स्वयंपाकघरातल्या घिरट्या झपझप चालण्यात येत नाहीत. चार बायकांनी मिळून संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यावे. गप्पाही होतील. नुसत्या पोटाच्या व्यायामाने नुसते पोट कमी होत नाही. सगळे अंग हलले पाहिजे, मग पोटही उतरते.

चहाचा हिशेब करा. दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. रोजचे साठ ग्रॅम, महिन्याचे १ किलो ८०० ग्रॅम, तेही एका माणसाचे! कप तीन करा, चमचा एक करा, महिन्याचे साडेचारशे ग्रॅम उरतात. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरावे. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. किती लागते ते डब्यावर पेन्सिलीने खूण करून पाहा. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात लोणचे, पापड, ठेचा सगळे आले. शाळूच्या ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकी, हरभरा, ताक हे आपले जुने ताट कुठल्याही दवाखान्याच्या कागदापेक्षा सरस आहे. भाकरी मात्र भुकेपुरती. उपास करून पोट उतरवायला जाऊ नका, आणि उपासाला साबुदाणा-शेंगदाण्याची ताटली भरून खाऊन उपास केला असेही म्हणू नका.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर किंवा साखरेची गोळी दिली असेल तर बरे वाटले म्हणून ती बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच.

आणि एवढे विसरू नका

छातीवर दाब, कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, गार घाम, जीव घाबरा होणे, चालताना धाप. बायकांना आणि साखर असलेल्यांना कधी छातीत कळ येतही नाही, नुसती मळमळ आणि थकवा असतो. असे झाले तर सोडा आणि ओवा यांत एक मिनिटही घालवू नका. माणसाला चालवू नका, गाडीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट येते. वाट पाहता पाहता दुसरे चारचाकी वाहन आधी मिळाले तर त्यातून निघा. पहिल्या तास-दोन तासांत उपचार मिळाले तर हृदय वाचते.

अण्णांच्या घरी आता त्यांचा थोरला मुलगा कारभार पाहतो. मागच्या दसऱ्याला गेलो होतो. चौकटीला खिळ्यावर एक सुतळी टांगलेली दिसली, मधोमध गाठ मारलेली. विचारले तर काकू म्हणाल्या, "थोरल्याची आहे. दर अमावस्येला मी स्वतः त्याच्या कंबरेला लावून बघते. टोकं मिळाली नाहीत की महिनाभर चहात साखर बंद." थोरला हसत होता. सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या लागलेल्या होत्या.

वाचक हो, हा अंक खाली ठेवलात की घरात सुतळी शोधा. प्रत्येक माणसाची वेगळी. आकडा पंचांगावर तारखेसह लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. मालाचे माप आपण आयुष्यभर चोख केले. मालकाचे मापही एकदा होऊ द्या.